गोदामातील गाडा आणि गिअरबॉक्स



गोदाम म्हटले की पाठीवर पोते घेतलेला हमाल डोळ्यांपुढे येतो. परंतु 1962 साली पश्चिम जर्मनीत ग्युटर्सलो येथे बर्टल्समान या प्रकाशनसंस्थेचे उंच मांडण्यांचे कोठार उभे राहिले आणि मांडण्यांमधील अरुंद वाटेने धावणारी क्रेन पुस्तकांचे गठ्ठे ठेवू-काढू लागली. त्या जातीची यंत्रे आज कित्येक देशांत काम करीत आहेत. त्यांच्या हालचाली तीनच : वाटेने पुढेमागे, खांबावरून वरखाली आणि मांडणीत आतबाहेर. तिन्ही सरळ रेषेतील. विजेची मोटार मात्र गोल फिरते!

गोल गतीची सरळ गती करण्याची एक रीत म्हणजे दातेरी पट्टीवरून दंतचक्र फिरविणे. चक्राचा व्यास 50 मिलिमीटर धरला, तर एका फेऱ्यात गाडा सुमारे 157 मिलिमीटर सरकतो. मिनिटाला 3000 फेरे घेणारी मोटार चक्राला थेट जोडली, तर गाडा मिनिटाला 471 मीटर वेगाने धावू पाहील. मध्ये दहास एक या प्रमाणाचा गिअरबॉक्स घातला की वेग 47 मीटरांवर येतो आणि घर्षणातील थोडी घट सोडता चक्र फिरविणारा जोर दहापट होतो.

परंतु वेग उतरविणे एवढेच गिअरबॉक्सचे काम नव्हे. गाड्याचे जे जडत्व मोटारीला सोसावे लागते, ते प्रमाणाच्या वर्गाने घटते. म्हणजे येथे शंभरावा हिस्सा उरतो. त्यामुळे लहान मोटारही जड गाड्याला हुकमात ठेवते. एरवी थांबतेवेळी गाडाच मोटारीला ओढू लागतो आणि उंच खांब हेलकावतो. तथापि, प्रमाण वाढवील तो शहाणा, असेही नाही. ते दुप्पट केले की वेग निम्मा होतो.

दुसरा प्रश्न दात्यांमधील मोकळिकीचा. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कोनीय मिनिट. अशा 3 मिनिटांची मोकळीक वरील चक्राच्या कडेवर जेमतेम 0.02 मिलिमीटर भरते. 15 मिनिटांची असली तरी 0.11 मिलिमीटर. खोके मांडणीत ठेवताना दोन-चार मिलिमीटरांचा फरक चालत असेल, तर अतिसूक्ष्म गिअरबॉक्सवर पैसा ओतणे म्हणजे सोन्याच्या तराजूत लाकडे जोखणे होय.

काटकसर जेथे मुळीच करू नये, ती जागा वरखाली जाणाऱ्या गाड्याची. रहाटाचा दोर हातून सुटला की भरलेली घागर चाकाला उलटे फिरवीत विहिरीत जाते. वीज गेली की तसेच येथेही घडते. ग्रहमालेसारख्या रचनेचा गिअरबॉक्स सामान्यतः भार धरून ठेवीत नाही, उलटा फिरू देतो. म्हणून वीज जाताच स्प्रिंगच्या जोराने आवळणारा ब्रेक हवाच. पण ब्रेक मोटारीवर असेल आणि गिअरबॉक्सचे दातेच तुटले, तर ब्रेक मोटारीला धरून बसेल आणि गाडा मोकळा सुटेल! याकरिता, वेग मर्यादेबाहेर जाताच खांबालाच पकडणारी दुसरी योजना गाड्यावर असावी लागते.

गाडा अडला म्हणजे तो दुरुस्त करण्यासाठी कोणीतरी त्याच्याखाली जातो. तो परत घरी जाणार की नाही, हे केवळ मोटारीच्या बळावर ठरत नाही. भार कोण धरून आहे, यावर ठरते. यंत्र विकत घेणाऱ्याने किमतीआधी हाच प्रश्न विचारावा.