नक्षत्रांची नावे आणि आपल्या मुली



बारशाला आत्याबाई पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगतात. रोहिणी, चित्रा, स्वाती, रेवती ही नावे आपल्याला किती जवळची! मनुस्मृतीत मात्र नक्षत्राच्या नावाची मुलगी करू नये, असे म्हटले आहे. लोकांनी ते ऐकले नाही, बरे झाले.

पण दुसरी एक समजूत अजून जात नाही. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषाची सासूला! एवढ्यावरून गुणी मुलीची पत्रिका परत येते. मूळ म्हणजे वृश्चिकाच्या नांगीतल्या चांदण्या. तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला शेकडो वर्षे लागतात. त्यांना कन्नडच्या सासऱ्याचे काय ठाऊक?

आपण ताऱ्यांची नावे मुलींना देतो. २०१९ साली उलटे झाले. शास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून एका ताऱ्यालाच ‘बिभा’ नाव मिळाले. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. रोहिणी मात्र दिसते. मार्गशीर्षात दिवेलागणीनंतर पूर्वेला पाहा, तांबूस, ठळक. जिच्या घरी रोहिणी असेल तिने लेकीला अंगणात नेऊन ती दाखवावी.