डिंभ जगतो तेव्हा आणि मरतो तेव्हा



ज्याने जन्मात मांसाला हात लावला नाही, त्याच्या मेंदूत डुकराच्या पट्टकृमीचा डिंभ, म्हणजे अळी, कोठून आला, असे रुग्णाचे आप्त निदान ऐकताच स्तिमित होऊन विचारतात. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून पोटात जातो तो आतड्यात लांबच लांब वाढणारा कृमी. परंतु त्या कृमीच्या वाहकाच्या विष्ठेतील अंडी न धुतलेल्या हातांवाटे वा भाजीपाल्यावाटे कोणाच्याही मुखी जाऊ शकतात, आणि मेंदूत वस्ती करतो तो या अंड्यांतून निघालेला डिंभ.

सहा सूक्ष्म आकडे असलेला तो गर्भ आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो, त्या आरंभीच्या दिवसांत प्रतिपिंडे आणि रक्तातील पूरक प्रथिने मिळून त्याचा निकाल लावू शकतात. मात्र एकदा का तो मेंदूत स्थिरावला आणि स्वच्छ द्रवाने भरलेल्या, वाटाण्याएवढ्या कोषात त्याचे एकुलते पांढरे शीर्ष दिसू लागले, की सारा बंदोबस्त निष्प्रभ होतो. त्याचे पॅरामायोसिन हे प्रथिन पूरक प्रथिनांच्या साखळीतील सी-१-क्यू ही पहिलीच कडी धरून ठेवते. यजमानाच्याच नियामक पेशी दाह आवरतात. प्रतिपिंडे कोषाला जाऊन चिकटतात खरी, पण त्यांची मात्रा चालत नाही. हा तह वर्षानुवर्षे टिकतो. डिक्सन आणि लिप्सकम यांनी १९६१ साली ४५० रुग्णांचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेले ब्रिटिश सैनिक पुष्कळ होते, आणि त्यांपैकी कित्येकांना पहिले फेफरे आले ते संसर्गानंतर अनेक वर्षांनी.

मग इतक्या वर्षांनीच का? या प्रकरणातील सर्वांत विचारणीय गोष्ट मला हीच वाटते. डिंभ मरू लागतो, द्रव गढूळ होतो, कोषाची भिंत झिरपू लागते आणि आजवर दडलेली द्रव्ये यजमानाच्या पेशींसमोर उघडी पडतात. त्या धावून येतात, भोवतालचा मेंदू सुजतो आणि रुग्णाला फेफरे येते. म्हणजे व्याधी उपजते ती बहुधा कृमीच्या जगण्यातून नव्हे, तर त्याच्या मरणाला आपल्याच शरीराने दिलेल्या प्रत्युत्तरातून. म्हणूनच विचारी वैद्य अल्बेंडेझोलच्या जोडीला दाहशामक स्टिरॉइड देतात. सीटी स्कॅनमध्ये दिसणाऱ्या या सुजेच्या लहान कड्यांना आपल्या देशात दीर्घकाळ क्षयाच्या गाठी समजत असत; त्यांपैकी पुष्कळ गाठी मरणोन्मुख डिंभाच्या असतात, हे वेल्लोरच्या शल्यवैद्यांनी त्या काढून, तपासून सिद्ध केले, आणि क्षयाची औषधे महिनोन्महिने व्यर्थ घेण्यातून किती रुग्ण सुटले!

रक्तात शिरणाऱ्या गर्भाच्या त्या आरंभीच्या दौर्बल्यावरच टीएसओएल-१८ ही डुकरांना टोचावयाची लस बेतलेली आहे, आणि ती हैदराबादेत तयार होते. माणसासाठी अशी लस अद्याप नाही. तेव्हा आपल्या घरी कोणाला या कारणाने फेफरे आले, तर केवळ त्याच्या औषधपाण्यावर थांबू नका. घरातील सर्वांची आणि स्वयंपाक करणाऱ्याचीही शौचतपासणी करून घ्या, कारण अंडी देणारा कृमी जवळच्याच कोणाच्या तरी आतड्यात असू शकतो आणि त्यावर खात्रीचे औषध आहे.