आईचं कुंकू आणि तिरडीचं सामान

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आजचा विषय ऐकून काहीजणींना वाटेल, हे काय अभद्र! आपण बाळंतपणाबद्दल बोलतो, लग्नाबद्दल, घटस्फोटाबद्दल बोलतो. मरणाबद्दल मात्र बोलत नाही. मग घरात मरण आलं की पहिल्या तासाभरात सगळे निर्णय पुरुष घेतात आणि आपण आतल्या खोलीत रडत बसतो. रडू नये असं मी म्हणत नाही. पण निरोप कसा द्यायचा हे ठरवताना आपण बाहेरच्या खोलीत असायला हवं.

समाजकार्याची पदवी घेऊन मी बरीच वर्षं वस्त्यांमध्ये काम करते आहे. तरी हा धडा मला आईनं दिला. तिला कॅन्सर होता. डॉक्टरांनी "आता घरीच न्या" म्हटल्यावर एका दुपारी तिनं मला आणि धाकट्या बहिणीला जवळ बसवलं. म्हणाली, "वही काढ." तिच्या चार गोष्टी होत्या. डोळे द्यायचे. लाकडं जाळायची नाहीत, विजेवर किंवा गॅसवर दहन करायचं. अग्नी आम्ही दोघींनी द्यायचा. आणि चौथी, "मला माझी निळी इरकल नेसवा आणि कुंकू लावून पाठवा."

बाबा गेल्यावर चौदा वर्षं तिचं कपाळ मोकळं होतं. मी म्हटलं, "आई, कुंकवाचं एवढं काय?" आपली नेहमीची भाषणं माझ्या डोक्यात होती. ती म्हणाली, "अगं, मी परकरी पोर होते तेव्हापासून लावत होते. तुझे बाबा मला कुठे ठाऊक होते तेव्हा? ते त्यांचं नव्हतंच, माझं होतं. तुमच्या आत्यानं पुसलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही." यावर मला बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुण्यातल्या एका मर्तिकाच्या सामानाच्या दुकानात गेलो. हल्ली ही मंडळी सगळंच ठरवून देतात. तिरडी, मडकं, गोवऱ्या, हार, शववाहिका, गुरुजी, सगळ्याचे मिळून पैसे. मालकानं वही उघडून विचारलं, "सवाष्ण का?" म्हणजे हिरवी साडी, ओटी, बांगड्या लिहायच्या की पांढरं कापड, एवढाच त्याचा प्रश्न. दुसरा प्रश्न, "बॉडी कुठं आहे?" बहीण म्हणाली, "बॉडी नाही, आई आहे. घरी आहे." तो ओशाळला. तिसरा प्रश्न, "घरात पुरुष माणूस कोणी?"

त्या माणसाला मी दोष देत नाही. समाज जे विचारतो तेच त्यानं विचारलं. आम्ही एकेक गोष्ट सांगितली, त्यानं लिहून घेतली. पांढरं कापड नको, साडी घरची. ओटी नको. पाणी आम्ही देणार. प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा लिहून मागितला, तेव्हा कळलं की निम्म्या गोष्टी आम्हाला नकोच होत्या. दुःखात माणूस भाव करत नाही. म्हणून हे आधी करायचं.

काकांचा फोन आला, "चुलतभाऊ आहे ना, तो अग्नी देईल. उगाच वाटणीचे वाद नकोत." आपल्याकडे हा समज पक्का आहे, अग्नी देईल त्याचा हक्क. मैत्रिणींनो, अग्नी मुलानंच द्यावा असा कुठलाही कायदा नाही आणि वारसाहक्काचा अग्नीशी संबंध नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. आणि परंपराच हवी असेल तर १८९० साली जोतीराव गेले तेव्हा टिटवं हाती धरून पुढे चालल्या त्या सावित्रीबाईच होत्या.

आई पहाटे गेली. वही होती म्हणून आम्ही गडबडलो नाही. नेहमीच्या डॉक्टरांना बोलावून मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला घेतला. त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. नेत्रपेढीला फोन केला. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोकं थोडं उंच ठेवायचं.

तिरडीवर ठेवलं तेव्हा कपाळावर कुंकू होतं. मी दाराशी कुणाशी तरी बोलत होते. परत वळून पाहिलं तर नव्हतं. आत्यानं पदरानं पुसून टाकलं होतं. दुसऱ्यांदा. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईच्या भिशीतल्या एक मावशी पुढे आल्या. स्वतः विधवा. त्यांनी करंडा मागितला, आईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं आणि करंड्यातलं उरलं ते बोटानं स्वतःच्या कपाळाला लावलं. कुणी काही बोललं नाही. आत्या नंतर रडल्या. त्यांच्याही कपाळावरचं कधीतरी कुणीतरी असंच पुसलेलं होतं.

खांदा आम्ही दोघींनी दिला, मागे चुलतभाऊही होता. बटण आम्ही दाबलं.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं राज्य शासनानं परिपत्रक काढलं. त्याच कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही आणि होळीला लोक स्मशानासाठी शेणी दान करतात. ठरवलं तर बदलता येतं, ते असं.

पण ठराव गावात होतो आणि कुंकू घरात पुसलं जातं. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. आपल्या प्रत्येक गटाच्या एका बैठकीत वही काढा. प्रत्येकीनं लिहावं, मला काय नेसवायचं, कपाळावर काय असावं किंवा नसावं, अग्नी की दफन, डोळे द्यायचे का, देह द्यायचा का, खांदा कुणी द्यायचा. खाली सही करा आणि घरातल्या दोघांना वाचून दाखवा. लिहिलेल्याला कायद्याचं बळ नसेल, आणि देहदानाला तर जवळच्या नातेवाइकांची तयारी लागतेच. म्हणून तर आधी बोलायचं. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करा, पहिला दाखला मोफत मिळतो. आणि हो, वही कुठे ठेवली तेही कुणाला तरी सांगून ठेवा.

काहीजणी लिहितील, कुंकू नको. काहीजणी लिहितील, हवं. वाद घालू नका. आयुष्यभर तिला कुणी विचारलं नव्हतं, निदान शेवटी विचारलं, एवढं झालं तरी पुष्कळ.