गल्ल्यातील तूट कोणाची?



या मालेत माझ्याआधी बोललेल्या विद्वान वक्त्यांनी मोठमोठे विषय मांडले. माझा विषय लहान आहे. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीला बाजारातील दुकानात संध्याकाळी चार तास कॅशियरचे काम मिळत आहे. तिने ते घ्यावे की न घ्यावे? हा प्रश्न काहींना क्षुल्लक वाटेल. पण आज या मंडपात बसलेल्या कितीतरी घरांत तो या ना त्या रूपाने येऊन गेला आहे, किंवा यायचा आहे. माझे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकांत. तेव्हा मी जे सांगणार आहे ते पुस्तकी कमी आणि हिशेबी जास्त असेल.

अर्जुनी मोरगाव हा धानाचा तालुका. रोवणीला आणि कापणीला हातांना काम असते. उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता. ज्यांच्या शेतात इटियाडोहचे पाणी पोचते त्यांना उन्हाळी धान. बाकीचे दिवस वाट पाहण्याचे. अशा मुलखात दर महिन्याला ठरल्या तारखेला हाती येणारा पैसा ही लहान गोष्ट नव्हे. त्यातून परीक्षेची फी भरता येते, पुस्तके घेता येतात, बापापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून 'मुलीच्या जातीने दुकानात कशाला बसायचे?' असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. असे बोलणारे बहुधा तिची फी भरणारे नसतात.

घरात नोकरीचा विचार होतो तेव्हा दोन प्रश्न हटकून निघतात. लोक काय म्हणतील, आणि पगार किती मिळेल. तिसरा प्रश्न कोणीच विचारीत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला असावा: रात्री गल्ला मोजला आणि पैसे कमी भरले, तर ती तूट कोणाची?

एक उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा, पगार महिना ६००० रुपये ठरला. रोज चार तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १०४ तास. ताशी ५७ रुपयांहून थोडे अधिक पडतात. ठीक दिसते. पण दुकान बंद झाल्यावर गल्ला जुळवायला रोज अर्धा तास लागतो. त्याचे १३ तास मिळवले की तास झाले ११७. गावाहून येण्याजाण्याचे ९०० रुपये वजा करा. महिन्याभरात कधी ५०, कधी १०० अशी मिळून ६०० रुपयांची तूट पगारातून कापली गेली असे धरा. हातात राहिले ४५०० रुपये. आता भागाकार करा: ताशी साडेअडतीस रुपयेही पडत नाहीत. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागले तर ताशी ३९. म्हणजे पंख्याखाली बसून संगणकावर बिले करणारी मुलगी आणि तळ्याचे खोदकाम करणारी तिची आई, दोघी एकाच पंक्तीला आल्या. शिवाय आईवर संध्याकाळी कोणी चोरीचा संशय घेत नाही!

तूट येते तरी कशी? गर्दीत मोड देताना चूक होते, हे खरे. पण एकाच गल्ल्यावर दोघेतिघे हात घालतात तेव्हाही ती येते. मालक स्वतः हमालाला द्यायला पैसे उचलतो आणि चिठ्ठी ठेवायला विसरतो, तेव्हाही येते. गिऱ्हाईक मोबाइलवर 'पैसे पाठवले' असे दाखवून निघून जाते आणि पैसे जमा झालेलेच नसतात, तेव्हाही येते. यांतील पहिले कारण सोडले तर बाकीच्यांत मुलीचा दोष कोणता? तरी कापला जातो तो तिचाच पगार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

विडी कामगारांत हिंडलेल्या माणसाला यात नवे काहीच वाटणार नाही. हा भाग १९९९ सालापर्यंत भंडारा जिल्ह्यात होता, आणि तो विड्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जाई. बाईने हजार विड्या वळून न्याव्यात, तपासणाऱ्याने त्यांतल्या मूठमूठ 'छाट' म्हणून बाजूला काढाव्यात. त्यांची मजुरी नाही आणि विड्याही परत नाहीत. हा तंटा इतका वाढला की १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्यांवरील वादांच्या निवाड्याची तरतूद करावी लागली. विडीची छाट गेली. गल्ल्याची तूट आली.

गल्ल्याचे यंत्रही संशयातूनच जन्मले आहे. अमेरिकेत डेटन या गावी जेम्स रिटी नावाच्या एका गुत्तेवाल्याने नोकर पैसे लांबवतात म्हणून १८७९ साली ते तयार केले. पण यंत्राची गंमत अशी की ते साक्ष दोन्ही बाजूंनी देते. प्रत्येक रकमेची नोंद राहते, आणि ती नोंद नोकराची निर्दोषताही सिद्ध करू शकते. मात्र ती पाहण्याचा हक्क नोकराला हवा.

कायदा काय म्हणतो? २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ज्या पैशाचा हिशेब नोकराने द्यायचा, त्यातील तूट पगारातून कापता येते हे खरे. पण ती प्रत्यक्ष त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेली असली तरच. आणि कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. हे तत्त्व नवे नाही; १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही ते होते. म्हणजे 'तूट आली, काप पगार' ही दुकानाची रीत असेल, कायदा नव्हे.

बँकांकडे पाहा. १९५३ च्या शास्त्री निवाड्याने बँकांतील ज्या पदांना अधिक जबाबदारीबद्दल वेगळा भत्ता मान्य केला, त्यांत मुख्य रोखपाल होता. जोखीम सोपवायची तर तिचे मोलही द्यायचे, हा न्याय तेथे मान्य झाला. आपल्या बाजारात जोखीम तेवढी पोचली. मोल अजून वाटेत आहे.

मग नोकरी घ्यावी की नाही? मुलींनो, होय म्हणण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या. गल्ला हाती घेताना आणि परत देताना तो दोघांसमक्ष मोजून वहीत सह्या होतील काय? तुमच्या वेळात त्या गल्ल्याला दुसऱ्या कोणाचा हात लागेल काय, आणि लागला तर चिठ्ठी राहील काय? मोजणीचा अर्धा तास कामात धरला जाईल काय, आणि दिवाळीच्या गर्दीत चार तासांचे आठ झाले तर जादा पैसे मिळतील काय? रात्री सुटी कधी होईल आणि त्या वेळी गावाला जायला वाहन असेल काय? राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे स्त्रीच्या संमतीवाचून तिला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवता येत नाही. पण तो कायदा लहान दुकानांना पूर्णपणे लागू नाही, आणि आपल्या बाजारात लहान दुकानेच फार. म्हणून ही गोष्ट आधीच बोलून, नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्यावी. चारांपैकी पहिल्या दोहोंचे उत्तर 'नाही' असेल, तर पगार हजाराने जास्त असला तरी ते काम घेऊ नका. पैसे जातात ते भरून निघतात. लहान गावात 'हिने गल्ल्यात हात घातला' हा बोल एकदा लागला की पुसत नाही. आणि उत्तर 'होय' असेल, तर खुशाल घ्या. चार तासांत हिशेब, माणसे आणि व्यवहार यांचे जे शिक्षण मिळेल ते वर्गात मिळणार नाही.

सभेत व्यापारी मंडळीही आहेत. त्यांना माझी विनंती आहे. पूर्वी शेठजी गल्ला स्वतःच्या गादीखाली ठेवीत, भाच्याच्याही हाती देत नसत. आज तुम्ही तो परक्याच्या मुलीच्या हाती देता, तो तिच्या विश्वासावर. मग हिशेबाची वहीही तिच्यापुढे उघडी ठेवा. यात तुमचेही नुकसान नाही. खरी चोरी असेल तर तीही सह्यांच्या वहीतच सापडते.

एकट्या मुलीने हे प्रश्न विचारले तर तिला उद्धट म्हणतील, हे मला ठाऊक आहे. पण दहा दुकानांतील मुली विचारू लागल्या की तीच बाजाराची रीत होते. केरळात दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी कामाच्या वेळी बसायला मिळावे एवढ्यासाठी लढा दिला, आणि २०१८ साली तेथील कायदा बदलला. बसण्याच्या खुर्चीसाठी कायदा बदलू शकतो, तर एका वहीतील दोन सह्यांसाठी फार काही लागू नये. या बाजारात काम करणाऱ्या मुलामुलींनी सभा संपल्यावर मला भेटावे. वहीचे पान कसे आखायचे ते मी दाखवीन.