घराबाहेर न जाणारी किल्ली

१९९५ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या संगणक-जाळ्यांत कोणा अज्ञात इसमानें चोरून कान लावले व अनेकांचे परवलीचे शब्द हस्तगत केले. दूरच्या संगणकावर काम करणाऱ्यास त्या काळीं आपला शब्द बहुधा उघड्या अक्षरांतच धाडावा लागे. तेव्हां चोरास कुलूप फोडण्याचेंही कारण पडत नसे. त्याच विद्यापीठांतील संशोधक तातु इलोनेन यांनीं त्याच वर्षीं यावर उपाय म्हणून ‘सिक्युअर शेल’, म्हणजे एसएसएच, ही पद्धति निर्माण केली. तिच्या योगानें दोन संगणकांमधील सर्व संभाषण कूटलिपींत चालतें.

परंतु कूटलिपीनें वाटेवरील चोर थांबतो, दारावरील थांबत नाहीं. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरच्या दारावर अंदाजानें शब्द लावून पाहणारीं यंत्रें अहोरात्र चालू असतात. म्हणून शब्दाऐवजीं किल्ल्यांची जोडी वापरणें श्रेयस्कर होय. या जोडीमागील तत्त्व डिफी व हेलमन यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलें. एक किल्ली गुप्त, दुसरी जाहीर. गुप्त किल्ली जुन्या दप्तरांतील मुद्रेसारखी व जाहीर किल्ली त्या मुद्रेच्या छापासारखी समजावी. भेद इतकाच कीं, छाप पाहून खोटी मुद्रा कोरतां येते. जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली काढणें मात्र व्यवहारतः अशक्य आहे. प्रवेशाच्या वेळीं आपला संगणक केवळ त्या भेटीपुरत्या मजकुरावर गुप्त किल्लीनें सही करतो, आणि सर्व्हर जाहीर किल्लीनें ती पडताळतो. गुप्त किल्ली घराबाहेर जातच नाहीं. मग वाटेंत ती लुटली कशी जाणार?

कृति सोपी आहे. आपल्याच संगणकावर ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा देऊन ‘ईडी २५५१९’ हा प्रकार निवडावा. त्या वेळीं एक परवलीचें वाक्य मागितलें जातें; तें रिकामें सोडूं नये, कारण संगणक चोरीस गेल्यास गुप्त किल्लीचें रक्षण तेंच करतें. दोन फायली तयार होतात. जिच्या नांवाच्या शेवटीं ‘पब’ असतें, तेवढीच जाहीर. तिच्यांतील ओळ सर्व्हरवरील आपल्या खात्यांत, ठिपक्यानें सुरू होणाऱ्या ‘एसएसएच’ कप्प्यामधील ‘ऑथराइज्ड कीज’ या फायलींत नोंदवावी. कप्प्यास ७०० व फायलीस ६०० अशी परवानगी ठेवावी. इतरांस तेथें लिहितां येत असल्यास सर्व्हर सहसा किल्ली नाकारतो.

पहिल्या भेटींत सर्व्हर स्वतःची ओळखखूण दाखवितो. व्यवस्थापकाकडून अन्य मार्गानें मिळालेल्या खुणेशीं ती ताडून पाहिल्यावांचून होकार देऊं नये. एखादा तोतयाच दारांत उभा असावयाचा. पुढें, चालू असलेली भेट न मोडतां, दुसऱ्या खिडकींतून किल्लीनें प्रवेश होतो अशी खात्री करून घ्यावी व मगच परवलीच्या शब्दाचें दार बंद करावें. हा क्रम उलटल्यास खुद्द मालकच बाहेर राहतो.

प्रत्येक संगणकास स्वतंत्र किल्ली असावी. त्यांतील एखादा हरवल्यास सर्व्हरवरील त्याची ओळ तत्काळ खोडावी. बाकीच्यांचें काम अडत नाहीं.