शस्त्रक्रियेची आदली संध्याकाळ
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. जमाखर्च हे माझे काम. तरीही ताळेबंदात जिची नोंद कोठेही होत नाही, अशा एका गोष्टीविषयी आज बोलणार आहे. ती म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला दिलेला धीर.

काही वर्षांपूर्वी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेले एक गृहस्थ पहाटे कोणालाही न सांगता घरी निघून गेले. चौकशी केली, तेव्हा कागदोपत्री सर्व ठीक होते. दुपारी माहिती दिलेली होती, संमतीपत्रावर सही होती. परंतु त्या वेळी त्यांच्याजवळ घरचे कोणी नव्हते. मुलगा मुंबईहून लोकलने डोंबिवलीस पोहोचला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि शंका विचारावी असे समोर कोणी उरले नव्हते. 'भुलीतून जाग आलीच नाही तर?' एवढाच त्यांचा प्रश्न होता.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी काहींना भूलतज्ज्ञांनी आदल्या रात्री भेटून वेदना का होतील व त्या कशा सुसह्य कराव्यात हे समजावले होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांना अफूजन्य वेदनाशामके इतरांच्या सुमारे निम्मीच लागली.

त्या प्रसंगानंतर आपण माहिती देण्याची वेळ रात्री साडेआठनंतरची केली. उपाशी का राहावयाचे, भूल कोण देणार, जाग येताना तोंडावर प्राणवायूचा मास्क का असेल, नातेवाइकांनी कोठे थांबावयाचे, हे घरच्यांसमक्ष सांगितले जाते. मग रुग्णालाच ते स्वतःच्या शब्दांत सांगावयास विनवतात.

अनेकांना भीती शस्त्राची नसते, बिलाची असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. हेही त्याच वेळी सांगणे माझ्या विभागाचे कर्तव्य आहे.

ज्यांना घरचे कोणीच नाही, त्यांची संध्याकाळ मात्र अजून रिकामी आहे. देणगीदारहो, या वर्षी आपणांकडे पैशाबरोबर एक तासही मागतो.