प्रतिक्रमण : गतकाळाच्या भारातून मुक्ती



वैशाखात गेवराई-माजलगावकडील गोदाकाठच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात. हात आत जाईल इतक्या त्या रुंद असतात. पुढे पाऊस लागतो, माती फुगते आणि त्याच भेगा मिटून जातात. बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. मनुष्याच्या क्रोधाचे स्वरूप सांगताना जैन कर्मशास्त्राने जे चार दृष्टान्त योजले आहेत, त्यांपैकी एक या भेगेचाच आहे.

क्रोधाचे चार प्रकार मानलेले आहेत. संज्वलन क्रोध पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा असतो. प्रत्याख्यानावरण क्रोध वाळूतील रेघेसारखा, अप्रत्याख्यानावरण क्रोध जमिनीच्या भेगेसारखा आणि अनंतानुबंधी क्रोध पर्वताला गेलेल्या तड्यासारखा असतो. श्वेतांबर कर्मग्रंथांच्या परंपरेत त्यांच्या कालमर्यादाही दिलेल्या आहेत : पहिल्याची पंधरा दिवस, दुसऱ्याची चार महिने, तिसऱ्याची एक वर्ष आणि चौथ्याची संपूर्ण जन्म. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक ही प्रतिक्रमणे याच कालमर्यादांशी जुळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या व्यवस्थेमागील दृष्टी उलगडते. रोजचा सल दैवसिक व रात्रिक प्रतिक्रमणात धुतला जावा. तेथून निसटलेला पक्षाच्या अखेरीस, तेथूनही उरलेला चातुर्मासात आणि अगदी खोल रुतलेला संवत्सरीला तरी निघावा. भाद्रपदातील हा दिवस ओलांडूनही जो वैर जपतो, त्याची भेग आता तडा होऊ लागली आहे, असा हा स्पष्ट इशारा आहे. काळ सर्व दुःखांवर औषध आहे असे लोक म्हणतात. परंतु नुसता काळ वैर बरे करीत नाही, उलट मुरवतो. भेग मिटण्यासाठी पाऊसच पडावा लागतो.

हा विचार केवळ ग्रंथांपुरता नाही. हातभर बांध कोरला गेला म्हणून दोन सख्खे भाऊ वीस-वीस वर्षे बोलत नाहीत, ही गोष्ट मराठवाड्यातील कोणत्याही गावाला नवी नाही. मूळ वाद ज्यांच्यात झाला ते वृद्ध होतात, कोणी निघूनही जातो. तरी लग्नाची पत्रिका त्या घरी जात नाही आणि मौतीलाही पाऊल पडत नाही. चुलत भावंडे एकाच शाळेत शिकतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत. जे भांडण त्यांनी पाहिलेही नाही, ते त्यांच्या वाट्याला वारसा म्हणून येते. जमिनीची वाटणी होते, वैराची मात्र होत नाही. ते प्रत्येक वारसाला पुरेपूर मिळते.

मग भूतकाळ सोडायचा म्हणजे नेमके काय करायचे? विसरणे हे त्याचे उत्तर नव्हे. ‘प्रतिक्रमण’ या शब्दाचा अर्थच परत फिरणे असा आहे. सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदन, प्रतिक्रमण, कायोत्सर्ग आणि प्रत्याख्यान अशी सहा आवश्यके सांगितली आहेत. हा क्रम अर्थपूर्ण आहे. प्रथम मन समतेत स्थिर करायचे. आदर्शांचे स्मरण करून नम्र व्हायचे. त्यानंतरच मागे वळून घडलेला दोष नावानिशी पाहायचा. मग कायोत्सर्गात ‘हे शरीर माझे’ ही पकड सैल करायची आणि शेवटी प्रत्याख्यानाने पुढील आचरणाचा नियम घ्यायचा. म्हणजे ज्याने मागे वळून नीट पाहिले, तोच पुढे जाऊ शकतो. न पाहता टाकलेली गोष्ट मनाच्या तळाशी तशीच राहते.

क्षमा म्हणजे अन्यायाला मान्यता नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. न्याय्य हक्क सनदशीर मार्गाने मागता येतो. त्यासाठी द्वेष बाळगण्याची आवश्यकता नसते. हक्काचा निर्णय तलाठ्याच्या दप्तरात किंवा न्यायालयात होईल. द्वेषाचा निर्णय ज्याचा त्यालाच करावा लागतो.

स्मरण आणि भार यांतील अंतर मराठवाड्याने एका भीषण प्रसंगी जवळून पाहिले. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणीकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर दिलेले माळवद, ही तेथील घरांची पिढीजात रचना होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे माणसांच्या अंगावर कोसळले. उद्ध्वस्त गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. पूर्वजांचे गावठाण सोडताना लोकांना किती यातना झाल्या असतील! तरीही त्यांनी मृतांना विसरून नवी घरे वसवली नाहीत. किल्लारीत दर वर्षी ३० सप्टेंबरला श्रद्धांजली वाहिली जाते. आठवण राहिली, तिच्या ढिगाऱ्याखाली राहणे मात्र लोकांनी नाकारले.

त्याच आपत्तीत बीड जिल्ह्याच्या एका सुपुत्राचे कार्य पुढे आले. शांतिलाल मुथ्था यांनी वयाच्या एकतिसाव्या वर्षी पुण्यातील आपला चांगला चाललेला व्यवसाय सोडून १९८५ मध्ये भारतीय जैन संघटनेची स्थापना केली होती. भूकंपानंतर संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोली येथील शैक्षणिक प्रकल्प त्यातूनच उभा राहिला. ज्या मुलांनी घर कोसळताना पाहिले, त्यांना ‘विसरा’ असे सांगणे क्रूरपणाचे ठरले असते. त्यांना वेळेवर भोजन, शाळा, सवंगडी आणि उद्याचे काही काम मिळाले. दुःखाला तोंड द्यायला असा नित्यक्रम लागतो. गतकाळाची पकड उपदेशाने सुटत नाही. वर्तमानात हाताला काही भरीव लागते, तेव्हा ती हळूहळू सैल होते. अपरिग्रहाचे व्रत धनधान्यापुरते मर्यादित समजले जाते. परंतु अपमानांचा आणि शोकाचाही परिग्रह असतो, आणि तो सोने-नाण्यापेक्षा अधिक जपून ठेवला जातो.

आज संवत्सरीच्या दिवशी ‘मिच्छा मि दुक्कडम्’चे संदेश एका क्षणात शेकडो भ्रमणध्वनींवर पोहोचतात. ज्यांच्याशी कधी वाद झालाच नाही, त्यांची क्षमा मागणे सोपे असते. बांधापलीकडच्या भावाचे नाव मात्र त्या यादीत नसते. खरी क्षमापना त्या एका नावापासून सुरू होते. तिथे मुद्रित पत्र किंवा संदेश पुरत नाही. स्वतःच्या पायांनी जावे लागते, आणि पहिले वाक्य आपल्याच चुकीचे असावे लागते. समोरचा प्रतिसाद देईलच असे नाही. तरीही मागणाऱ्याचा भार उतरतो, कारण क्षमापनेचे फळ समोरच्याच्या उत्तरावर अवलंबून ठेवलेले नाही.

संस्थांनाही हाच नियम लागू आहे. पन्नास वर्षांच्या वाटचालीत मतभेद झालेले असतात. कोणी दुखावून दूर गेलेले असतात. सुवर्णमहोत्सवात देणगीदारांचा सत्कार होतो, तो उचितच आहे. त्यासोबत अशा दुरावलेल्या एखाद्या वृद्ध कार्यकर्त्याच्या घरी विश्वस्तांनी जाऊन त्याला सन्मानाने पहिल्या रांगेत आणून बसविले, तर त्या महोत्सवाचे सोने शंभर नंबरी ठरेल. येत्या संवत्सरीची वाट पाहण्याचे कारण नाही. पाक्षिक प्रतिक्रमण दर पंधरा दिवसांनी येतेच.